अक्कांच्या पावलाची वाट बांधणाऱ्या पाथरवटमामांना

मामा,
सप्रेम नमस्कार.

हिरवळीतली दगडांची वाट एका पावसाळ्यानंतर पक्की बसली आहे. काम संपलं तेव्हा तुम्हाला पुढच्या कामावर जायची घाई होती. हिशेब झाला, आभार राहिले. ते चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर अक्कांचं पारिजातकापर्यंत जाणं बंद झालं होतं. देवाची फुलं वेचणं हे त्यांचं काम. ते मी करायला लागले आणि त्यांचं मन कशातच लागेना. ओल्या हिरवळीत काठी रुतायची, पाय घसरायचा. जो तो सांगायचा, पेव्हर ब्लॉकची सलग पट्टी टाकून घ्या. तुम्ही मात्र आल्या आल्या अक्कांना म्हणालात, "जरा चालून दाखवा."

मी हात धरला होता. त्या नेहमीच्या संथ चालीनं निघाल्या आणि त्यांचं पाऊल पडेल तिथे तुम्ही फक्कीची चिमूट टाकत गेलात. एरवी अशा वाटेत एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोन फूट धरतात. अक्कांचं पाऊल दीड फुटाचं निघालं. तुम्ही दीडच धरलंत. दगड लांबीला सव्वा फूट आणि रुंदीला दोन फूट घेतलेत, पाऊल आणि काठी एकाच दगडावर टेकावी म्हणून. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

दगडाचंही तसंच. शहाबादी फरशी थरांची असते, खाली पोकळी राहिली की पातळ फरशी मधोमध मोडते. म्हणून तुम्ही दोन इंची जाड निवडलीत, आणि पॉलिश नको, खडबडीत अंगच वर ठेवायचं, यावर अडून बसलात. आपली सोलापूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सिमेंट टिकत नाही, सुटा दगड मात्र उचलून परत बसवता येतो, हे तुम्ही मला समजावलंत. प्रत्येक खड्ड्यात तीन इंच मुरूम, पाणी मारून धुमसानं ठोकलेला, वर इंचभर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. दगड हिरवळीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच खाली, गवत कापायचं मशीन वरून जावं एवढाच. पाणी साचू नये म्हणून एका अंगाला सूतभर उतार. प्रत्येक दगडावर स्वतः उभं राहून, डावीउजवीकडे भार टाकून तुम्ही पाहत होतात. जरा डुगडुगला की पुन्हा उचल, पुन्हा कच भर. मी कौतुकानं बघत बसायची.

खड्ड्यांतून निघालेली हरळीसुद्धा तुम्ही फेकू दिली नाहीत. नळाजवळच्या उघड्या जागेत ती लावून दिलीत, आता तिथे पाय ठेवावा असं गवत आहे.

अक्का आता रोज एकट्या फुलं वेचायला जातात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवते, पण हात धरायला जावं लागत नाही. पावसानंतर पारिजातकाजवळचा एक दगड थोडा खचला होता. तुम्ही दाखवलं होतं तसा पहारीनं उचलून, कच भरून आम्ही तो बसवला. एकदा येऊन तेवढा नजरेखालून घाला. आणि या वेळी जेवूनच जायचं, असा अक्कांचा निरोप आहे.

तुमची,
अक्कांची सून