रस्त्यावरच्या माणसाला काय विचारता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खडेबाजारात साडीच्या दुकानात मी कामाला आहे. परवा दुकानात विषय निघाला की पेपरवाले, टीव्हीवाले रस्त्यावरच्या कुणालाही धरून मत का विचारतात, त्या चार माणसांना काय कळतंय. आमच्यातला एक जण म्हणाला, पान भरायला घेतात की. मला ते पटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

चार माणसं म्हणजे सगळं बेळगाव नव्हे हे मलाही कळतं. सीबीटीवर, म्हणजे आमच्या मुख्य बसस्टँडवर, उभं राहून विचारलं तर बसनं जाणारेच भेटणार, गाडी असलेला भेटणार नाही आणि घाईत असलेला थांबणारच नाही. म्हणून चौघांच्या जोरावर 'बेळगावकर नाराज' असं हेडिंग देऊ नये. पण आपल्यासोबत काय घडतंय ते ज्याचं त्यालाच माहीत असतं, आणि ते ऐकायला रस्त्यावर यावंच लागतं.

कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेचंच बघा. 11 जून 2023 ला चालू झाली, मंत्री बोलले, विरोधक बोलले, किती बायका फिरल्या त्याचे आकडे आले. आता माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिलीय, तिचं आधार महाराष्ट्राचं. ती माहेरी आली की आम्ही दोघी एकाच सीटवर बसतो, कंडक्टर मला झिरो तिकीट देतो आणि तिच्याकडनं पैसे घेतो. त्याची काही चूक नाही, योजना कर्नाटकातल्या बायकांसाठी आहे. तिकडं एसटीत मार्च 2023 पासून बायकांना हाफ तिकीट झालं, ते पण त्यांच्या हद्दीपर्यंतच. एका आईच्या दोन लेकी, आमची बॉर्डर आम्हाला तिकिटावर दिसते. सीमाभागात अशा किती घरात असेल, पण मी तरी हे कुठं छापून आलेलं वाचलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

विचारलं होतं ते वेगळंच. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, मग एसटी बंद झाली. ह्याच बहिणीची तेव्हा डिलिव्हरी जवळ आलेली, मी लाडवांचा डबा घेऊन स्टँडवर उभी. एक जण माईक घेऊन आला आणि म्हणाला, तुम्हाला कर्नाटकात राहायचंय की महाराष्ट्रात? तो प्रश्न लहान नाही. 1956 पासून आमच्या घरातल्या तीन पिढ्या तो घेऊन जगल्यात, 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, एक नोव्हेंबरला आमचे वडील काळा दिन पाळायला न चुकता जायचे. पण मी सांगत होते की बहिणीचे दिवस भरलेत, गाडी कधी सुटणार ते कुणी सांगत नाही, आणि तो माझं तोडून परत तेच विचारत होता. संध्याकाळी बघितलं तर माझं अर्धंच वाक्य दाखवलं, "आम्हाला लई त्रास होतोय" एवढंच. कसला त्रास, ते गेलंच.

तर माझी विनंती आहे, मत नंतर विचारा, आधी काय झालं ते विचारा आणि वाक्य पुरं होऊ द्या. कन्नडमध्ये विचारलं तर कळतं आम्हाला, पण मनातलं बोलायला मराठीच लागते. आणि नाव छापू का हे एकदा विचारत जावा, कारण इथं भाषेवरनं कोण कधी काय अर्थ काढेल सांगता येत नाही आणि माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत कामाला जायचं असतं.

सकाळी आठच्या आत आमच्या कंग्राळीच्या गाडीत बसा. बायका भाजीच्या बुट्ट्या घेऊन येतात, गाडीतच विचारा, उतरल्यावर त्यांना थांबायला वेळ नसतो.

आपली,
एक वाचक, कंग्राळी खुर्द (ता. बेळगाव)