लॅबमधल्या मामांना

आदरणीय मामा,

शाळेत सगळे तुम्हाला मामाच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. गेल्या गुरुवारी तुम्ही माझ्या लेकीसाठी जे केलंत, ते आठवलं की अजून डोळे भरून येतात.

तीन दिवाळ्यांपूर्वी तिच्या हातात भुईनळा फुटला. हात बरा झाला, पण त्यानंतर तिनं काडी पेटवली नाही. गॅसचा लायटर वाजला तरी स्वयंपाकघरातून निघून जायची. आधीच्या शाळेत मी स्वतः जाऊन हे सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "मग दाराशी उभी राहू दे. निरीक्षण फळ्यावरून उतरवून घेईल." तिनं उतरवलं: मॅग्नेशिअमची फीत डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ज्योतीने जळते. न पाहिलेल्या ज्योतीला लाल शाईत ‘बरोबर’ मिळालं. त्या वहीचा मला आजही राग येतो.

तुम्ही तिला ‘घाबरतेस काय’ म्हणाला नाहीत. स्पिरिटचा दिवा स्वतः पेटवलात आणि झाकण तिच्या हातात दिलंत. "पेटवायचं नंतर बघू. आधी विझवायला शीक."

मामा, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही सगळे तिला पेटवायलाच सांगत होतो! फुंकायचं नाही, झाकण बाजूनं आणून ठेवायचं, हवा तुटली की ज्योत गेली. मग एकदा उचलून पुन्हा ठेवायचं, नाहीतर गार झाल्यावर घट्ट बसतं. ती म्हणते, सहा वेळा विझवला. सहाही वेळा तुम्ही न कंटाळता पेटवून दिलात. सातव्यांदा काडी तिनं मागून घेतली.

फीत त्यानंतर. पॉलिश पेपरनं घासलेली, चिमटा तिच्या हातात आणि तुमचा हात तिच्या कोपराखाली. "ज्योतीकडे नको, भिंतीवरचा उजेड बघ." भुईनळ्यातला पांढरा लखलखाटही अशाच धातूंच्या भुकटीचा असतो, हे तुम्ही फीत जळून गेल्यावर सांगितलंत, आधी नाही. केवढा विचार केलात!

राख पाण्यात कालवल्यावर तांबडा लिटमस निळा झाला, हे तिनं जेवताना तीनदा सांगितलं. २४ ग्रॅम मॅग्नेशिअम हवेतला १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतं, म्हणून राख भरते ४० ग्रॅम. मला हे शाळेत पाठ होतं. समजलं मात्र परवा, तिच्याकडून.

एका मुलीची भीती घालवणं तुमच्या कामाच्या यादीत कुठं लिहिलेलं नसेल. तास संपला होता, बघायला कुणी नव्हतं, तरी तुम्ही थांबलात. शाळेत अशी माणसं असतात म्हणून आम्ही पोरं निर्धास्त पाठवतो.

काल संध्याकाळी देवघरातलं निरांजन तिनं लावलं. मी दाराशी श्वास रोखून उभी होते.

"आई, हे विझवायचं नसतं ना?"

"नाही गं."

"मग राहू दे," म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.

आपली ऋणी,
नववीतल्या एका मुलीची आई