लहान सभागृहातला 'इंडियन ओशन'

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'इंडियन ओशन'चा कार्यक्रम पुण्यात शे-दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात होणार आहे आणि तिकीट महाग म्हणून तू विचारात पडला आहेस, हे काल फोनवर कळले. हाच बँड पुढेमागे एखाद्या महाविद्यालयाच्या महोत्सवात मैदानावर फुकट ऐकायला मिळेल, मग आत्ता पैसे कशाला घालवायचे, असा तुझा हिशेब. तू हा कार्यक्रम चुकवू नयेस असे मला मनापासून वाटते, आणि त्याची कारणे घाईत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून हे पत्र.

हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानावर मंचापासून १०० मीटर दूर उभे राहिलास, तर ड्रमवर पडलेली काठी आधी दिसते आणि ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने मागाहून येतो; म्हणजे डोळा आणि कान यांची ताटातूट झालेली असते. या बँडच्या बाबतीत ते मोठे नुकसान आहे. त्यांच्या गाण्यांत एखादी सुरावट पुन्हा पुन्हा फिरत राहते, तबला आणि ड्रम तिला दोन बाजूंनी धरून ठेवतात, आणि मग कुणाची तरी मान किंचित हलते व सगळे एकदम दुसरीकडे वळतात. ती खूण ज्याला दिसली, त्याला ते वळण कानाबरोबर अंगातही जाणवते. पंचवटीतल्या बैठकींमध्ये तुला मी नेहमी तबलजीच्या बाजूला बसवत असे, ते याचसाठी.

त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला, तेव्हा त्याची कॅसेट मी मेन रोडवरून आणली होती. त्यातले 'कंदिसा' हे गाणे म्हणजे केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची प्राचीन प्रार्थना, तिची भाषा मला एक अक्षरही कळत नव्हती, आणि तरीही स्वयंपाक करताना मी ती गुणगुणू लागले. तू त्या ध्वनिमुद्रणावरच वाढलास, त्यातला प्रत्येक श्वास तुला पाठ आहे. म्हणूनच एक सांगते: सभागृहात ते ध्वनिमुद्रण शोधायला जाऊ नकोस. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गात असत. २५ डिसेंबर २००९ रोजी ते गेले, आणि त्यांच्या एका जागेवर बँडला दोन माणसे घ्यावी लागली, गाण्यासाठी हिमांशू जोशी आणि तालवाद्यांसाठी तुहीन चक्रवर्ती. ही गोष्ट आठवली की मला आजही गलबलून येते. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले आणि गिटार निखिल राव यांच्याकडे आली. 'कंदिसा'च्या वेळच्या चौघांपैकी बास गिटार वाजवणारे राहुल राम आणि ड्रम वाजवणारे अमित किलम हे दोघेच उरले आहेत. जुने आणि नवे यांची तुलना करत बसलास, तर समोर चाललेले वादन निसटून जाईल. मुळात हा बँड प्रत्यक्ष वादनावरच उभा राहिला. १९९७ चा त्यांचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम म्हणजे पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ १ जानेवारीला दिल्लीत झालेल्या कार्यक्रमाचेच ध्वनिमुद्रण आहे. गाणे त्यांच्या हातात वाढत आले आहे, आणि लहान सभागृहात ते त्या रात्री कोठे जाते हे तुला अगदी जवळून पाहता येईल.

अमित किलम गबगुबी हातात घेतील तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांकडे लक्ष दे. बाउल गायकांचे हे वाद्य. बगलेत धरलेल्या पोकळ लाकडी भांड्याच्या कातड्यातून तार निघते. एका हाताने ती ताणायची, दुसऱ्याने छेडायची, आणि ताण बदलला की सूर बदलतो. आपल्याकडे जोगतिणींच्या चौंडक्याची रचनाही हीच. मोबाइलवर ऐकताना तो सूर नेमका कशाने वाकतो, याचा पत्ता लागत नाही.

मधल्या खुर्च्यांपैकी एखादी धर, शक्यतो तिसऱ्या-चौथ्या रांगेतली. भिंतींच्या कोपऱ्यात बास गिटारचा आवाज साचतो आणि बाकीची वाद्ये त्यात बुडतात, त्यामुळे कोपरा टाळ. कानात घालायचे बोळे जवळ ठेव. बंद सभागृहात ड्रमच्या जवळ आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज चढतो, आणि तेवढा आवाज कानांनी पंधरा मिनिटांहून अधिक सोसू नये, असे तज्ज्ञ सांगतात. बोळ्यांनी गाणे कमी होत नाही, फक्त त्याची धार बोथट होते. कान मात्र तुला जन्मभर पुरवायचे आहेत.

तिकिटाचे पैसे मी आजच तुझ्या खात्यावर पाठवते. बाबांनाही सांगितले आहे. राहुल राम काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात होते, आणि 'मां रेवा' हे नर्मदेचे लोकगीत तिकडूनच बँडकडे आले. ते गीत सुरू करण्याआधी ते नर्मदेविषयी काही बोलले, तर कार्यक्रम संपल्याबरोबर विसरण्याआधी लिहून ठेव आणि मला सविस्तर कळव. गोदाकाठी राहून दुसऱ्या नदीचे ते गाणे मी इतकी वर्षे म्हणते आहे, त्याविषयी त्यांच्याच तोंडचे शब्द मला हवे आहेत.

तुझी,
आई