प्रकाशयोजना शिकायची तर आधी शिडीवर चढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाटकाच्या प्रकाशयोजनेत करिअर करू पाहणारी अनेक मुले थेट कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवण्याच्या नियंत्रण-टेबलावर, बसायला उत्सुक असतात. आमचे स्पष्ट मत आहे की सुरुवातीची वर्षे साहाय्यक म्हणून शिडीवर आणि वायरिंगमध्येच काढावीत.

अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅकॅन्डलेस यांनी 1932 साली मांडलेली पद्धत आजही पाया मानली जाते. रंगमंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर समोरून, दोन्ही बाजूंनी 45 अंशांतून एकेक दिवा द्यायचा. एक उबदार छटेचा, दुसरा थंड. वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात दिवा फार डोक्यावरून आला की नटाच्या डोळ्यांत काळोख साचतो आणि फार सपाट आला की त्याची सावली मागच्या पडद्यावर चढते. दोन झोतांच्या सीमेवरून चालताना तर चेहराच विझतो. म्हणून फोकस करताना, म्हणजे दिव्याची दिशा आणि झोत बसवताना, स्वतः नटाच्या जागी, दिव्याकडे पाठ करून उभे राहावे, आपल्या डोक्याची सावली कुठे पडते ते पाहावे आणि शेजारचे झोत एकमेकांवर चढवून घ्यावेत. चुकलेला कोन कन्सोलवरून सुधारत नाही, तिथे फक्त उजेड कमी-जास्त होतो.

विजेचा हिशेबही तोंडपाठ हवा. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा दिवा साधारण 4.3 अँपिअर घेतो. डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) 10 अँपिअरच्या चॅनेलवर असे दोन चालतात. तिसरा जोडला की भार 13 च्या घरात जातो आणि ब्रेकर पडतो, तोही तिन्ही दिवे फुल केल्यावर, म्हणजे ऐन प्रवेशात.

डीएमएक्सच्या, म्हणजे कन्सोलवरून दिव्यांना आज्ञा पोचवणाऱ्या डिजिटल संकेताच्या, एका लाइनवर 512 चॅनेल असतात. 16 चॅनेलच्या दिव्याचा पत्ता (त्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) 1 असेल तर पुढच्याचा 17. तो चुकून 16 ठेवला, तर पहिल्याचे शेवटचे चॅनेल हलवताच दुसराही दिवा हलू लागतो. लांब लाइनच्या टोकाला 120 ओहमचा टर्मिनेटर (संकेत परत उलटू न देणारा रोधक) नसेल तर दिवे मधूनच लुकलुकतात आणि धडधाकट दिवे उघडून बघण्यात रात्र जाते.

निर्मात्यांना कळकळीची विनंती: नेपथ्य उशिरा उभे राहिले की पहिली कात्री फोकसच्या वेळेला लागते. मानधनाबरोबरच फोकसचे तासही करारात लिहावेत. नवोदितांनी प्रत्येक नाटकाचा आराखडा, पॅच शीट (कोणता दिवा कोणत्या चॅनेलवर याची यादी) आणि क्यू शीट (कोणत्या क्षणी कोणता प्रकाशबदल याची यादी) जपून ठेवावी. दौऱ्यात दिवे टांगायच्या बारची उंची बदलली की फोटो उपयोगी पडत नाहीत, हे कागद पडतात.

आपले,
प्रकाशयोजनेच्या क्षेत्रातील काही रंगकर्मी