वकीलताई, त्या पावतीबद्दल

वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

कुठे लिहिलंत तर माझं नाव घालू नका, असं तुम्ही बजावून सांगितलंत. वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नसते, बार कौन्सिलचा नियम आहे म्हणालात. म्हणून नाव घालत नाही. पण लिहिल्यावाचून राहवतही नाही. गुरुवारी स्थगन मिळालं, आज रविवार, तरी फाटकाची कडी वाजली की छातीत धस्स होतं. मग आठवतं, आता कुर्कीवाले सामानाच्या जप्तीला येणार नाहीत. निदान तो एकतर्फी निकाल रद्द करा म्हणून केलेल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तरी नाहीत.

त्या दिवशी कोर्टाचा अमीन, म्हणजे बेलीफ, आला तेव्हा मी ह्यांना पेज भरवत होते. त्याच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. चपला बाहेर काढून आत आला आणि पलंगाकडे नजर गेल्याबरोबर त्याने आवाज खाली आणला. पण यादी त्याला करायचीच होती. फ्रिज लिहिला, टीव्ही लिहिला. मग माझ्या शिलाई मशीनपाशी खाली बसला आणि तेलाने काळी पडलेली पट्टी अंगठ्याने पुसून तिचा नंबर वाचायला लागला. अठ्ठावीस वर्षं ते मशीन चालवतेय मी, तिथे नंबर असतो हे मला त्या दिवशी कळलं. डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, एक लाख पंच्याऐंशी हजारांची, आमच्याच जुन्या वकिलांच्या फीची. आठ दिवसांत भरा, नाहीतर सामान उचलावं लागेल, म्हणाला. त्याच रात्री मंगळसूत्र काढून शेजारच्या काकूंच्या डब्यात ठेवून आले.

तुमच्याकडे येण्याआधी दोन वकिलांकडे जाऊन आले होते, तेही लिहितेच. पहिल्यांनी कागद उघडलेसुद्धा नाहीत. "बहनजी, रोज उनके साथ उठना-बैठना है," एवढं बोलून चहा मागवला, तो स्वतःसाठी. दुसऱ्यांनी वाचले आणि म्हणाले, भरून मोकळ्या व्हा, वकिलाशी कोण भांडतं? पायऱ्या उतरताना मनात आलं, अहिल्याबाईंच्या गावात राहतो आपण, राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, येता-जाता हात जोडतो, आणि इथे एका बाईचे कागद कोणी उघडूनही बघू नये?

आणि ज्या जुन्या वकिलांमुळे हे झालं, त्यांचंही नाव घेणार नाही. रामबागेतल्या घराच्या वाटणीचा दावा त्यांनी सहा वर्षं चालवला. दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेला, पैसे दिले, त्यांच्या मुंशीचे, म्हणजे कारकुनाचे, वेगळे दिले. पावती मागितली की म्हणायचे, "वहिनी, घरचंच काम आहे, पावती कसली?" भावाभावांत तडजोड झाली आणि त्यांनी हिश्श्याच्या किमतीच्या दहा टक्के मागितले. तसं लिहिलेल्या कागदावर सही म्हणे आमचीच होती, कधीतरी 'औपचारिकता' म्हणून घेतलेली. त्यांनी फीचा दावा लावला तो जुन्या पत्त्यावर. समन्स आम्हाला मिळालंच नाही, निकाल एकतर्फी झाला. त्या दाव्यात लिहिलंय, पक्षकाराकडून आजवर काहीही मिळालेलं नाही. काहीही! सहा वर्षं ब्लाउज आणि फॉल-पिको करून नेलेले पैसे, आणि काहीही नाही.

अशी मी तुमच्यासमोर येऊन बसले. विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, हे काकूंच्या सुनेने सांगितलं म्हणून आले. नाहीतर मला कुठलं ठाऊक असायला!

तुम्ही आधी काही विचारलंच नाहीत. माझी प्लॅस्टिकची पिशवी घेतलीत, सगळे कागद टेबलावर काढलेत आणि एक एक उलगडून कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालायला लागलात. त्यात लाइटची बिलं होती, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. मला लाज वाटली. म्हटलं, ही बिलं राहू द्या, चुकून आलीत. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुम्ही दिलेत ना, मग मोजायला हवेत." बाहेर लोक ताटकळले होते. तुम्ही घाई केली नाहीत. त्रेचाळीस भरले. मग वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलंत : 'मूळ कागद ३१, झेरॉक्स १२, एकूण ४३ मिळाले. फी : काही नाही.' खाली तारीख, सही. पान माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "ही जपून ठेवा, काम झालं की ही दाखवून सगळे परत घ्या."

वकीलताई, मी तिथे रडले ते कुर्कीच्या भीतीने नाही. मी चाळीस रुपये ॲडव्हान्स घेतला तरी गिऱ्हाइकाला चिठ्ठी देते. कापडाचा तुकडा जोडते, माप लिहिते, तारीख घालते. माझ्या आईने शिकवलं तसं. सहा वर्षांत कोर्टाच्या आवारात मला तशी एक चिठ्ठी कोणी दिली नव्हती. तुम्ही मागण्याआधी दिलीत.

आणि त्याच लाइटबिलांनी काम केलं. समन्स गेलं त्या महिन्यात आम्ही त्या घरात राहत नव्हतो, हे सव्वीस आणि सत्तावीस नंबरच्या कागदांवरून तुम्ही न्यायाधीश साहेबांना दाखवलंत. मी लपवायला निघाले होते ती बिलं!

तुम्ही सांगितलेलं एकेक आता मी दुसऱ्यांना सांगत असते. थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाइल अडकवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारीने फी मागता येत नाही, तेही २०१७ मध्ये सांगून झालंय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलंय की स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं कुर्क करता येत नाहीत, आणि धर्माप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही तो दागिनाही नाही. हे सांगून तुम्ही म्हणालात, "घरी जाऊन आधी मंगळसूत्र घाला." काकूंनी डबा उघडला तेव्हा त्यांचेही हात थरथरत होते.

खरी फी काय होते ती कोर्टाने ठरवावी, मी देईन. कोणाच्या कष्टाचा पैसा मला ठेवायचा नाही. दावा संपलेला नाही हेही ठाऊक आहे. तुम्हीच दोनदा समजावलंत की स्थगन म्हणजे जिंकणं नव्हे. पण गुरुवारी रात्री ह्यांना पहिल्यांदा सलग झोप लागली. बोलता येत नाही त्यांना, पण यादी होताना सगळं बघत होते. शुक्रवारी सकाळी मी मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं आणि राहिलेले दोन ब्लाउज पुरे केले. पायडलचा आवाज ऐकून त्यांनी मान इकडे वळवली.

तुमच्या गाऊनची डावी बाही खांद्याशी उसवली आहे. त्या दिवशी फाइल उचलताना मला दिसली, पण तिथे बोलायला संकोच वाटला. पुढच्या पेशीला मी येईन तेव्हा माझ्याकडे द्या. आतून पट्टी लावून पक्की करते, काळा दोरा घरात आहे.

तुमची,
कागद क्रमांक १ ते ४३ वाली
रामबाग, इंदूर