चि. ओंकारला, शेतीचे भाग न गाळण्याबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

व्हिनलँड सागा या व्हायकिंगांवरच्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा (अ‍ॅनिमेचा) दुसरा सीझन चार भाग बघून सोडलास आणि वर 'नुसती शेतीच चालली आहे' असं कळवलंस. असं म्हणणारा तू एकटा नाहीस, चाहत्यांनी त्याला 'फार्मलँड सागा' असं नावही ठेवलं होतं. माझं मत मात्र अगदी उलट आहे. पहिल्या सीझनचे चोवीस भाग ही तयारी आहे आणि खरी गोष्ट तू सोडलीस तिथून पुढे आहे. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाचं नावच 'प्रस्तावनेचा शेवट' आहे. मंगामध्ये, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेत, ही प्रस्तावना आठव्या खंडापर्यंत चालते. आठ खंड प्रस्तावनेला देणारा लेखक पुढे काहीतरी मोठं मांडणार आहे, एवढा विश्वास त्याच्यावर टाकायला हवा.

आधी नायकाचं, थॉर्फिनचं, काय झालंय ते नीट बघ. पहिल्या सीझनमध्ये त्याला एकच गोष्ट हवी असते: ज्याने बापाला मारलं त्या टोळीप्रमुख आस्केलाडला द्वंद्वात हरवून मारायचं. द्वंद्वाची संधी मिळावी म्हणून तो आस्केलाडचीच कामं करतो. फ्रँक लोकांच्या किल्ल्याच्या लढाईत शत्रूच्या सरदाराचं मुंडकं घेऊन येतो, ते बक्षीस म्हणून द्वंद्व मिळावं यासाठी. म्हणजे बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला मुलगा दुसऱ्यांचे बाप मारत सुटलाय आणि त्याच्या ते गावीही नाही. मग यॉर्कच्या दरबारात आस्केलाड मरतो, तोही दुसऱ्याच्या हातून. थॉर्फिनला जे हवं होतं ते मिळालंही नाही आणि यापुढे मिळण्याची शक्यताही उरली नाही. बहुतेक मारधाडीच्या मालिका अशा वेळी नायकासमोर नवा, जास्त ताकदीचा शत्रू उभा करतात आणि गाडी पुन्हा सुरू होते. लेखक माकोतो युकिमुराने ते केलं नाही. त्याने थॉर्फिनला गुलाम म्हणून विकलं, जटलंडच्या दक्षिणेला केटिल नावाच्या जमीनदाराच्या शेतावर आणून टाकलं आणि हातात कुऱ्हाड दिली ती झाडं तोडायला.

दुसऱ्या सीझनचा पहिला भाग जवळजवळ सगळा एनारचा आहे, थॉर्फिन अगदी शेवटी दिसतो. तुला तो भाग वाया गेल्यासारखा वाटला, पण तो वगळला तर पुढचं काहीच उभं राहत नाही. एनार इंग्लंडचा शेतकरी. गाव जळालं, घरची माणसं गेली आणि तो बाजारात विकला गेला. थॉर्फिनसारख्या लोकांनी जे केलं त्याची दुसरी बाजू तो आहे. पहिल्या सीझनमध्ये लुटालूट आपण लुटणाऱ्यांच्या खांद्यावरून पाहिली. आता ज्याचं घर लुटलं गेलं त्याच्या शेजारी लुटणाऱ्यालाच झोपायला लावलंय. दोघांना एकाच कामावर जुंपलंय: रान साफ करून गव्हाचं शेत करायचं आणि त्या गव्हाच्या पैशातून आपली सुटका विकत घ्यायची. थॉर्फिन कोण होता हे एनारला कळेल तेव्हा काय होईल, हा ताण प्रत्येक साध्या संवादाखाली आहे. तलवार न काढता ताण कसा धरून ठेवायचा हे शिकायचं असेल तर ते इथे शिकावं.

सहावा भाग तर जरूर बघ. त्यात सगळा प्रश्न घोड्याचा आहे. झाडं तोडून झाली, पण जमिनीत बुंधे राहिले आणि ते निघाल्याशिवाय नांगर चालणार नाही. मुळ्या खोल गेलेल्या, दोन माणसांच्या जोराने बुंधा हलत नाही. घोडा पाहिजे. शेतावर घोडे आहेत, पण तिथले मुक्त गडी गुलामांना घोडा देत नाहीत. त्यांना भीती आहे की हे दोघे उद्या आपल्या बरोबरीला येऊन बसतील. मग एका म्हाताऱ्याकडून घोडा मिळतो, पण फुकट नाही, त्याची कामं करून देण्याच्या बोलीवर. एवढ्याशा घटनेत किती माणसं उभी राहतात बघ. गड्यांचा हेवा कळतो, म्हाताऱ्याची पारख कळते. एनार लगेच तापतो. थॉर्फिन मात्र अपमान गिळत नाही, अपमान त्याला लागतच नाही, इतका तो आतून रिकामा झालाय. आणि बुंधा निघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पहिल्या सीझनमधल्या एकाही विजयानंतर आलेलं नाही. काहीतरी उपटून मागे चांगली जागा राहिली, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडतंय.

सुरुवातीच्या भागांत तो झोपेत किंचाळत उठतो आणि काय स्वप्न पडलं ते त्याला आठवत नाही, हे तू पाहिलं असशील. त्याचा हिशोब नवव्या भागात लागतो. काय होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की आधीचे आठ भाग सलग न बघता कोणी तुला नववा भाग तुकड्यांत, रीलमध्ये दाखवला तर डोळे मिटून घे. त्या भागाचं वजन त्याच्या आधीच्या मातीकामात आहे.

पाचव्या भागापासून पहिल्या सीझनमधला राजपुत्र कनूट राजा होऊन परत येतो. 'आता शेत सोडून हा कुठून आला' म्हणून ते भाग पुढे ढकलू नकोस. एकाच दिवशी, आस्केलाडच्या मृत्यूने थॉर्फिन आणि कनूट दोघांचं आयुष्य वळलंय. थॉर्फिनने त्या दिवशी केलेल्या वाराचा व्रण कनूटच्या गालावर अजून आहे. एक सत्तेकडे निघालाय, दुसरा हत्यारापासून लांब. हे दोघे पुन्हा समोरासमोर येतील तेव्हा काय बोलतील यासाठी दोन्हीकडचे भाग लागतात. केटिलकडेही लक्ष ठेव. बरा माणूस आहे असं तुला वाटत राहील, आणि आहेही, पण तो मालक आहे. भला मालक आणि त्याचे गुलाम ही मांडणी कुठवर टिकते, हे या सीझनचं दुसरं मोठं काम आहे.

इतिहासाचं म्हणशील तर कनूट खरा आहे, 1016 ते 1035 तो इंग्लंडचा राजा होता. त्याचा बाप स्वेन 1014 मध्ये गेन्सबरोला मेला, यॉर्कला नाही, आणि आस्केलाडने त्याला मारलं हे युकिमुराचं. तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत पात्रं बसवायची आणि जिथे पात्राला गरज आहे तिथेच इतिहास हलवायचा, हे त्याने फार विचाराने केलंय.

मंगा वाचायला घेणार असशील तर एक गोष्ट माहीत असू दे. ही मालिका 2005 मध्ये साप्ताहिकात सुरू झाली आणि त्याच वर्षी 'आफ्टरनून' या मासिकात गेली, कारण आठवड्याचा वेग युकिमुराला झेपणारा नव्हता. हा बदल पानांवर दिसतो. साप्ताहिकात साधारण वीस पानांत वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत अडकवून ठेवायचं असतं. वाचकांची पसंती घसरली तर मालिका लवकर गुंडाळली जाते. म्हणून तिथे पहिल्या काही प्रकरणांतच मारामारी येते आणि पात्राला नुसतं बसायला, जेवायला जागा मिळत नाही. मासिकात पानं जास्त, अवधी जास्त. दोन माणसं शेताच्या बांधावर बसून काहीच बोलत नाहीत अशा चौकटी त्यामुळे परवडतात. अ‍ॅनिमेने क्रमही बदललाय. मंगा थॉर्फिन टोळीत असतानापासून सुरू होतो आणि मग बालपणाकडे वळतो, अ‍ॅनिमे बालपणापासून सरळ चालतं. तुझं अ‍ॅनिमे आधी झालंय, तेव्हा मंगाचा पहिला खंड वाचताना गोंधळू नकोस.

मोबाइलवर वाचणार असशील तर पडदा आडवा धर, म्हणजे समोरासमोरची दोन पानं एकत्र दिसतील. उजवीकडून डावीकडे वाचायचं हे तुला ठाऊक आहे. पण पान उलटण्याची जागा डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि चित्रकार तिथली चौकट ठरवून काढतो: कोणीतरी दाराकडे बघतं, कोणाचा तरी हात थांबतो. उलटल्यावर उजव्या पानावर उत्तर मिळतं. एकेक पान सरकवत गेलास तर हा बेत मोडतो. संवाद नसलेल्या चौकटींवर आपली नजर सगळ्यात कमी थांबते, कारण वाचायला अक्षरं नसतात. तिथे मुद्दाम थांब. हात कुठे आहेत, पाय कुठल्या दिशेला आहेत, दोन माणसांत अंतर किती ठेवलंय ते बघ. पात्र तोंडाने एक बोलतं आणि चित्र दुसरंच सांगतं, ते अशाच जागी.

अ‍ॅनिमेला दीडपट वेग लावण्याची तुझी सवय या प्रकारच्या मालिकांना मारक आहे. मारामारी वेगात बघितली तर फारसं बिघडत नाही. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यातली चार सेकंदं दिग्दर्शकाने मोजून ठेवलेली असतात. ती पावणेतीनच्या आत आली की विचार करून दिलेलं उत्तर पाठ केल्यासारखं ऐकू येतं. सबटायटल वाचताना चेहरा निसटतो, म्हणून महत्त्वाचा वाटलेला प्रसंग पुन्हा एकदा, मजकुराकडे न बघता बघ. अर्थ आधीच कळलेला असतो, आता नुसता आवाज आणि डोळे. मूळ जपानी आवाज ठेव, निदान पहिल्यांदा. आणि प्रत्येक भागानंतर स्वतःला विचार: याला आज काय हवं होतं, त्याने त्यासाठी काय केलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली? तिन्ही उत्तरं मिळाली तर कथा पात्रावर चाललीय. पहिलं उत्तर दर वेळी 'जास्त ताकद' एवढंच येत असेल तर ती कथा दुसऱ्या प्रकारची आहे. तीही आनंदाने बघावी, पण तिच्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

डीमन स्लेअर ही राक्षस मारणाऱ्यांची मालिका तुला आवडते, त्यातून एक उदाहरण घेते. राक्षसाचं मुंडकं उडतं आणि मग त्याचं दुःखाचं बालपण दिसतं. ग्युतारो आणि डाकी या भावाबहिणीच्या बाबतीत हे मला मनापासून पटतं, कारण लढाईतच त्यांचं नातं दिसलेलं असतं. ती लहान मुलीसारखी रडते आणि भाऊ बाहेर येतो. भूतकाळ कळतो तेव्हा आपण पाहिलेल्या गोष्टीचं कारण कळतं. पण हीच रीत पुन्हा पुन्हा वापरली की दोर दिसायला लागतात. अडचण अशी की मरणाऱ्या पात्राला आता कुठलाच निर्णय घ्यायचा नसतो. भूतकाळ कळून आपल्याला वाईट वाटतं, पण पुढे काही बदलत नाही.

फ्रीरेनमध्ये भूतकाळ बरोबर उलट्या रीतीने येतो, म्हणून व्हिनलँडनंतर ते बघ, पहिल्या सीझनचे 28 भाग आहेत. फ्रीरेनच्या जुन्या टोळीचा नायक हिमेल पहिल्याच भागात म्हातारा होऊन मरतो. हजार वर्षांहून जास्त जगलेली फ्रीरेन त्याच्या अंत्यविधीला रडते, कारण दहा वर्षं बरोबर हिंडूनही तिने त्याला जाणून घेण्याची धडपड केली नव्हती. पुढे पडद्यावर काळ लिहिला जातो तो 'हिमेलच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी' असा, तारखांनी नाही. कुठल्यातरी गावात कोणाला मदत करायची की नाही असा प्रश्न येतो, तिला हिमेल आठवतो आणि ती थांबते. प्रत्येक आठवणीने आजचा एक निर्णय बदलतो. मेलेल्या माणसाचं पात्र मालिकाभर वाढत राहतं आणि त्याबरोबर तिचंही.

मार्च कम्स इन लाइक अ लायन मात्र घाईत सुरू करू नकोस, निवांत रविवार बघ. चिका उमिनोचा मंगा 2007 पासूनचा, अ‍ॅनिमे 44 भागांचं. पहिल्या भागाची सुरुवात जवळजवळ मुकी आहे. सतरा वर्षांचा रेई उठतो, पाणी पितो, पुलावरून चालत शोगी खेळायला जातो, समोरच्या माणसाला हरवतो. तो माणूस त्याला वाढवणारा बाप आहे हे नंतर कळतं, आणि मग आपण पाहिलेला डाव मनात पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो. घरच्या लोकांना हरवूनच ज्याचं पोट भरतं अशा मुलाला नदीपलीकडच्या तीन बहिणी जेवायला बोलावतात, यातून सगळी मालिका निघते. शोगी यायला हवं असं नाही. बुद्धिबळाच्याच घराण्यातला खेळ, 81 घरं, आणि मारलेली सोंगटी आपल्या बाजूने पुन्हा पटावर ठेवता येते, इतकं पुरतं. रेईचा प्रतिस्पर्धी मित्र निकाइदो त्या बहिणींतल्या धाकट्या मोमोला मांजरांच्या चित्रांतून सोंगट्या शिकवतो, त्यात तुझंही शिकून होईल. रेई जपानी मिडल स्कूलमध्ये असतानाच व्यावसायिक झालेला पाचवा खेळाडू आहे असं उमिनोने लिहिलं तेव्हा खऱ्या जपानात असे चारच होते. पाचवा, सोता फुजिई, 2016 मध्ये चौदाव्या वर्षी झाला आणि पुढच्या वर्षी त्याने पदार्पणापासून सलग 29 डाव जिंकले.

सईला यातलं काय दाखवायचं असं विचारलं होतंस. व्हिनलँड बारा वर्षांच्या मुलीसाठी नाही, त्यातली हिंसा खरी वाटावी अशीच काढलेली आहे. लायन चालेल, पण दुसऱ्या सीझनमध्ये त्या बहिणींतल्या मधल्या हिनाला शाळेत छळतात तो भाग लांब आणि जड आहे. तो तिला एकटीला बघू देऊ नकोस, शेजारी बस आणि मध्ये थांबवून बोल. तोवर नात्सुमे युजिन्चो ही मालिका दे. त्यातल्या बहुतेक कथा एका भागात पूर्ण होतात, त्यामुळे अभ्यासाचं निमित्त करून तिला मध्येच उठवावं लागणार नाही.

तुझी,
आई

ता. क. व्हिनलँडचा दुसरा सीझन पुन्हा पहिल्या भागापासून लाव, पाचव्यापासून नको. एनारचा भाग या वेळी वेगळा दिसेल.