पेन्सिलीनं लिहिलेले ते अर्थ

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे दादरला उतरून परळला येणारी माढ्याची बहीण-भाऊ म्हटलं की तुम्ही लगेच ओळखाल.

भावाच्या मांडीतली गाठ आमच्याकडे दीड वर्ष 'रक्तवाहिन्यांची गाठ आहे, काही होत नाही' म्हणून तशीच राहिली. दुखत नव्हती, म्हणून आम्हीही गप्प. शेवटी बायोप्सीत नाव निघालं, अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा, म्हणजे एक दुर्मिळ कॅन्सर. वय चोवीस. तोवर दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी पसरल्या होत्या. ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणाले, आणि नेहमीची केमोही या आजाराला फारशी दाद देत नाही. मग जो कुणी काही सांगेल त्याच्या दारात आम्ही. एका ठिकाणी 'नवीन ट्रायल आहे, चार लाख भरा' म्हणाले (ट्रायल म्हणजे नव्या औषधाची रुग्णांवरची चाचणी), आणि मी आईच्या पाटल्या मोडायला निघाले.

परळच्या हॉस्पिटलात ट्रायलचंच काम बघणाऱ्या तुम्ही एवढंच विचारलंत, "सीटीआरआयचा नंबर दिला का?" ते काय असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. समोरचा डबा तसाच झाकून तुम्ही मोबाइलवर ती नोंदवही उघडून दाखवलीत. भारतात होणाऱ्या औषधाच्या ट्रायलची नोंद तिथे 2009 पासून सक्तीची आहे, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. त्या लोकांचं नाव तिथे कुठेच नव्हतं. पाटल्या आजही आईच्या हातात आहेत, ताई.

मग तुमच्याकडच्या ट्रायलचं संमतिपत्र. बावीस पानं, मराठीतच, तरी डोक्यावरून जाणारं. 'प्रतिकूल घटना' या शब्दाशेजारी तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंत, 'औषधाचा त्रास'. असं पानोपानी. "आज सही करायची नाही. घरी ने, आईला वाचून दाखव. मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येतं, म्हणून इथले बाकीचे उपचार थांबत नाहीत," हे तुम्ही दोनदा सांगितलंत. आधी कुणीही आम्हाला नाही म्हणायची मुभा दिली नव्हती.

अमेरिकेतल्या चाचणीचंही तसंच. अटेझोलिझुमॅब हे औषध दिलेल्या 49 रुग्णांपैकी 12 जणांच्या गाठी चांगल्या आक्रसल्या आणि डिसेंबर 2022 मध्ये तिथे या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली, हे तुमच्याकडूनच कळलं. भावानं विचारलं, "मग 37 जणांचं काय?" तुम्ही नजर न चुकवता म्हणालात, "काहींचा आजार होता तिथे थांबला, काहींचा वाढला. इतक्या दुर्मिळ आजारात 49 माणसं मिळवणं हेच किती अवघड असतं, ते मला विचार." त्या रात्री धर्मशाळेत तो कितीतरी दिवसांनी शांत झोपला.

ट्रायलमध्ये तो बसला नाही. मेंदूच्या एमआरआयमध्ये छोटा ठिपका निघाला आणि नियमानं नाव गळलं. फोनवर सांगून तुमचं काम संपलं असतं. तुम्ही खाली आलात, बाकड्यावर आमच्याजवळ बसलात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांसमोर नेऊन पुढचं ठरवून घेतलंत. ठिपक्याला रेडिएशन झालं, नंतर सुनिटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्याचा केस-पेपर तुमच्या फायलीत राहणारच नव्हता, त्याच्यासाठी तुम्ही हे केलंत. मला राहून राहून तेच आठवतं.

आता सात महिने झाले. गोळ्यांमुळे दाढीचे केस पांढरे झालेत, तळपाय इतके हुळहुळतात की चपलेत कापड घालून चालतो. पण मागच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या नाहीत. ते संमतिपत्र मी अजून ठेवलंय. परवा गल्लीतल्या एका काकूंना कुणीतरी 'ट्रायल' सांगितली, तेव्हा त्यांना मीच विचारलं, "नंबर दिला का?"

पुढची तारीख पौषात आहे. भाऊ म्हणतोय, ताईंना हुरडा आणू का मालदांडीचं पीठ, विचारून घे.

तुमची,
माढ्याची बहीण